तीन खाचांची पेटी : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

कूलरचा जुना स्टँड मिळतो का ते बघायला नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या एका कबाड्याकडे गेले होते. रद्दीच्या गठ्ठ्यांखाली एक सागवानी पेटी दिसली. कोपऱ्यांना पत्रा मारलेला, कडी तुटलेली. झाकण उचललं आणि स्टँडचा विषय तिथेच संपला. आत एका सुताराचा अख्खा संसार होता: एक लोखंडी रंधा, दोन लाकडी रंधे, चार पटाश्या, एक विंधणं (लाकडात चौकोनी भोक पाडायची जाड पटाशी), हातकरवत, गिरमिट (हाताने फिरवून भोक पाडायचं), गुण्या (काटकोन तपासायचा), वाकस (लाकूड तासायचं) आणि तळाला गंजून एकमेकींना चिकटलेल्या कानशी.

घाई केली नाही. लोखंडी रंधा उलटा धरला आणि पातं जिथून बाहेर डोकावतं त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर नख फिरवलं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रंधा हातातून पडला की तडा बहुतेक तिथेच जातो, आणि तडा गेलेला रंधा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. इथे तडा नव्हता. पात्याचा स्क्रू गंजाने धरलेला, पण पात्यात अजून इंचभर तरी पोलाद शिल्लक आहे हे नुसतं बघूनही कळत होतं. लाकडी रंध्यांना वाळवी लागली आहे का म्हणून गाडीच्या चावीने टोचून पाहिलं. लाकूड टणक.

एका पटाशीवर ‘कास्ट स्टील’ आणि ‘शेफिल्ड’ असे इंग्रजी शिक्के होते. कबाड्यानेच बोट ठेवून दाखवलं, "हे कास्ट आहे ताई, पडली का तुटन. मंग माझ्याकडे नका येऊ." त्याला सांगितलं की हे बीड नाही. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली, त्या ओतीव पोलादाचा हा शिक्का. आधीच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असायचा. वितळवल्यावर तो सगळीकडे सारखा झाला, म्हणून धार टिकायला लागली. त्याने ऐकून घेतलं आणि तरीही भाव वाढवला नाही. लोखंडाच्या वजनाने पैसे घेतले, लाकडाचं काही लावलं नाही. एकूण १,४०० रुपये.

पेटी जुनी शुक्रवारीतल्या एका घरातून आली म्हणाला. घर फ्लॅट स्कीमला गेलं, आजींनी सामान काढून दिलं. आजींचा नंबर असेल तर बघून ठेवा, असं दोनदा सांगून आले.

१३ फेब्रुवारी

ऑफिसमधून आल्यावर गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये वर्तमानपत्रं पसरून सगळं मांडलं. प्रत्येक वस्तूचा आहे तसा फोटो काढला. सासूबाई वर आल्या, विंधणं हातात घेऊन म्हणाल्या, "उखळाच्या मुसळाला असायची तशीच शेंबी आहे गं ह्याला." खरंच तसंच कडं आहे, पितळेचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजचं काम चुकलं. नीट लिहून ठेवते.

सगळ्यात सोपी म्हणून एक इंची पटाशी आधी घेतली. मुठीवर वर्षानुवर्षांचा काळा थर. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन दोन तास घासलं आणि मूठ मधासारखी निघाली. शिसव आहे. शेंबीच्या वर तीन बारीक खाचा होत्या, एकीखाली एक. मला वाटलं कुठे तरी आपटून पडल्या असतील. त्याही घासून सपाट केल्या. संध्याकाळी फोटो बघताना सहज दुसऱ्या पटाशीवर नजर गेली. तिच्यावरही तीन खाचा. तिसरीवरही तीन. लोखंडी रंध्याच्या मुठीवर तीन, वाकसाच्या दांड्यावर तीन.

२५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मिस्त्रीकाकांना वर बोलावलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. जिना चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. घासलेली मूठ हातात घेतली आणि आधी काही बोललेच नाहीत.

"काऊन घासली वं पोरी?"

खाचांचं सांगितलं. ते म्हणाले, "एका साइटवर दहा वाढई राह्यतेत. सगळ्यायच्या पटाश्या सारख्याच. मंग कोणाची कोणती, थे कसं समजन? म्हणून निशाणी. कोणी खाच पाडते, कोणी टिंब मारते. मी माह्यावर जळता खिळा टेकवत होतो." आणि मग मुठीच्या एका बाजूला अंगठा ठेवून दाखवला. तिथे लाकूड जरासं खोलगट होतं. त्यांचा अंगठा त्या खोलगटात बसला नाही, पुढे गेला. "ह्याचा हात लहान होता," म्हणाले.

तो खोलगटपणा मी घासून निम्मा केला आहे. पन्नासेक वर्षांच्या कामाने पडलेला आकार दोन तासांत.

आजपासून ठरवलं, आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: पात्याला, तळाला आणि जिथे भाग एकमेकांवर बसतात तिथेच हात लावायचा. मुठी फक्त ओल्या फडक्याने पुसून तेल. हत्यार चालायला जेवढं लागतं तेवढंच काढायचं, दिसायला बरं व्हावं म्हणून काही काढायचं नाही.

३ मार्च, रविवार

गंज काढायला लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) आणलं, किराणा दुकानात पापड-लोणच्यासाठी मिळतं तेच. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या टबात पटाश्यांची फक्त पाती बुडतील अशा उभ्या टांगल्या, मुठी बाहेर. रंध्याचे लोखंडी भाग दुसऱ्या टबात. पितळेचे स्क्रू या पाण्यात टाकले नाहीत. पितळ लोखंडासोबत आम्लात ठेवलं की त्यावर तांबूस डाग येतात. ते वाटीत चिंचेच्या कोळात ठेवले. देवाची भांडी निघतात तसे निघाले.

दर अर्ध्या तासाने एक बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासायचं आणि परत आत. आम्ल गंज खातं हे खरं, पण गंज संपला की ते थांबत नाही, खालचं पोलादही खायला लागतं. रात्रभर ठेवलं तर पृष्ठभाग खरबरीत, राखाडी होतो आणि शिक्क्याची अक्षरं आधी पुसट होतात. अडीच तासांत काम झालं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळणं, स्वच्छ पाणी, लगेच कोरडं फडकं, लगेच उन्हात, आणि हाताला चटका बसेल इतकं तापलं की शिलाई मशीनचं तेल. यातल्या कुठल्याही पायरीला चहाला गेलात तर केशरी गंजाची पुटी डोळ्यांसमोर परत चढते.

रंधा उघडला गेला. बाजूवर ‘०५’ हा आकडा आता स्वच्छ वाचता येतो. तळ चौदा इंच, पातं दोन इंच रुंद. रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. त्याचा धंदा स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतला, आणि पुढे पेटंटं संपल्यावर इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीने तसेच रंधे काढले, नंबरही तेच ठेवले, फक्त आधी शून्य लावलं. दीडशे वर्षांत या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. म्हणूनच जुना रंधा घेणं परवडतं.

१० मार्च, रविवार

अर्धा इंची पटाशीची धार कोपऱ्यातून तुटलेली होती. हाताने दगडावर इतकं काढायला दोन संध्याकाळी जातील म्हणून काल एका धारवाल्याला मशीनवर करायला दिली. आज घेऊन आले. धार सरळ आहे, पण टोकापासून दोन सूत वर निळी झाली आहे. मोरपिसाच्या डोळ्यासारखी निळी, तिच्यामागे जांभळी आणि मग गवती पिवळी पट्टी. दिसायला देखणी, आणि हीच या पोलादाची सगळ्यात वाईट अवस्था. साध्या कार्बन पोलादाला गवती पिवळा रंग दोनशेवीस अंशांच्या आसपास येतो आणि निळा तीनशेच्या जवळ. निळा आला म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तिथली धार एका दिवसात वळते.

धारवाल्याने दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवली असती तर हे झालं नसतं. मीही समोर उभी राहून करून घेतली नाही. आता निळा भाग पूर्ण काढेपर्यंत हातानेच घासायचं. पाव इंच. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकांशी बोलायचं तर मिलिमीटर उपयोगाचा नाही, म्हणून मीही आता सुतातच लिहिते.)

२४ मार्च, रविवार

होळी. पोरं लाकडं मागायला आली, शेडमधले पॅकिंगच्या पेट्यांचे तुकडे दिले. त्यांच्या हाती चुकून लाकडी रंधा लागला होता, तेवढा परत घेतला.

निळी पटाशी झाली. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, आधी जाड बाजू, मग बारीक. उताराचा कोन पंचवीस अंश आणि अगदी टोकाशी तीस. पात्याच्या पाठीला बोट आडवं ओढलं की बारीक उलटलेली कड लागते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड लागली की पुढची बाजू पुरी झाली असं समजायचं, आधी नाही. पाठ मात्र पूर्ण सपाट करायच्या मागे लागले नाही. जुन्या मालकाचा दगड मध्ये खोल झालेला असावा, त्यामुळे सगळ्याच पटाश्यांच्या पाठी जरा गोलसर आहेत. टोकाकडचा इंचभर भाग सपाट असला की काम होतं. बाकीची गोलाई त्याची.

मुठींना जवसाचं तेल दिलं. आपल्याकडे चटणीला जवस असतोच, घाण्यावरचं तेलही मिळतं. खोबरेल लावू नये, ते लाकडात कधीच वाळत नाही, मूठ चिकट राहते. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ हात, तासाभराने उरलेलं पुसून टाकायचं, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा. एक गोष्ट मात्र कुणीही विसरू नये: हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये तर नक्कीच ती जोखीम नको. मी फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवते, मगच टाकते.

२१ एप्रिल, रविवार

एकोणीसला मतदान झालं. त्याआधीचे पंधरा दिवस निवडणुकीच्या ड्युटीत आणि प्रशिक्षणात गेले. पेटी उघडलीच नाही.

२७ एप्रिल, शनिवार

रंध्याच्या मागच्या मुठीचा बोल्ट नाही. कुणीतरी साधा खिळा ठोकून भागवलं होतं, त्याने मूठ हलते. इतवारीतल्या लोहा ओळीत पाच दुकानं फिरले. प्रत्येकाने सहा मिलिमीटरचा बोल्ट काढून दिला, प्रत्येकाचा दोन आटे बसून अडकला. एक दुकानदार म्हणाला, "पाना लावा, जाईल." लावला असता तर गेलाही असता, आणि बिडातले मूळ आटे कायमचे मेले असते. या रंध्यांचे आटे जुन्या इंचाच्या हिशोबाचे, तेही दुसरीकडे कुठे न वापरले जाणारे. दुकानात मिळणारच नाहीत.

पुढच्या गोल मुठीचा बोल्ट त्याच आट्यांचा आहे हे घरी आल्यावर लक्षात आलं. तो काढून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याला नमुना म्हणून दिला. चार दिवसांनी यायला सांगितलंय, अडीचशे रुपये.

१२ मे, रविवार

बोल्ट छान झाला. मूठ हलत नाही.

गेल्या रविवारी साफ केलेली दोन पाती मी उन्हाचा ताप नको म्हणून खालच्या खोलीत आणून ठेवली होती. परवा बघितलं तर दोन्हींवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके. मे महिन्यात, नागपुरात, जिथे दुपारी ओठ फुटतात. दोन दिवस कारण शोधत होते आणि कारण खिडकीत घरघरत होतं. कूलर. खोलीत रात्रभर वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा येते आणि थंड पोलादावर बसते. बाहेर भट्टी, आत पावसाळा. पाती परत वर नेली. काकांनी पेटीत कापराच्या दोन वड्या पुडीत बांधून ठेवायला सांगितल्या, ते आयुष्यभर ठेवत आले. ठेवल्या. तेलाचा हात मात्र त्याच्या भरवशावर सोडणार नाही.

उलट वर शेडमध्ये लाकडं इतकी वाळली आहेत की वाकसाचा दांडा नुसता उलटा धरला तरी डोकं गळून हातात येतं. पाचर मारावीशी वाटते. आत्ता मारायची नाही. जुलैत लाकूड फुगेल तेव्हा हीच पाचर दांडा चिरेल.

२ जून, रविवार

रंध्याचा तळ सपाट करायला घेऊन तीन आठवडे झाले. ग्रॅनाइटवाल्याकडून ओट्यातून उरलेला दोन फुटी तुकडा आणला, त्यावर पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने आडव्या रेघा मारल्या आणि घासलं. पातं आत ओढून पण जागेवर कसून ठेवायचं, कारण कसल्यावर बिडाची ओढ बदलते. रेघा जिथे पुसल्या जातात तो भाग उंच, जिथे राहतात तो खोल. रेघा दुसऱ्याच दिवशी सगळीकडून गेल्या. पण माझी स्टीलची पट्टी लावून ट्यूबलाइटकडे धरलं की मध्ये उजेड दिसायचा. पुन्हा घासायचं. पुन्हा उजेड.

आठवडाभर शहरात एकच विषय आहे. गुरुवारी एका स्वयंचलित केंद्राने नागपूरचं तापमान छप्पन्न अंश दाखवलं आणि देशभर बातमी झाली. आपला आजवरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर चुकला होता, बाकी केंद्रांवर पारा पंचेचाळीसच्या आसपासच होता. काल चहा घेताना हे वाचलं आणि उठून पट्टी तपासली. कागदावर पट्टीच्या कडेने बारीक रेघ ओढली, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांवरून परत ओढली. दोन रेघांच्या मध्ये फट. पट्टीच वाकडी होती. तळ पंधरा दिवसांपूर्वीच सपाट झाला होता, आणि मी उगाच बीड झिजवत बसले होते.

पेटीतला गुण्या तसाच उलटासुलटा तपासला. पात्याच्या कडा सरळ, काटकोनही चोख. तो पहिल्यापासून हाताशी होता.

१६ जून, रविवार

लोखंडी रंधा चालला! लकडगंजच्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाच्या तुकड्यावर. पात्यावरचं कॅप आयर्न (पात्याला चिकटून बसणारी लोखंडी पट्टी) धारेच्या अगदी जवळ, केसभर मागे आणलं आणि पातं अगदी थोडं बाहेर काढलं. पहिले दोन हात कोरडे गेले. तिसऱ्याला पात्यातून एक सलग पट्टी वर आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, गुंडाळत माझ्या मनगटावर पडली. उजेडाकडे धरली तर पलीकडची बोटं दिसत होती. सागाचा तो कडवट, चामड्यासारखा वास. काका खुर्चीवर बसून होते, पट्टी मागून घेतली, बोटात चुरली आणि म्हणाले, "भल्ली निघाली."

अर्ध्या तासात धार मंदावली. सागात सिलिका असते, वाळूचाच प्रकार, ती धार खाते. सागावर काम करायचं तर दगड शेजारीच ठेवायचा आणि मध्ये मध्ये पातं दगडावर फिरवत राहायचं.

१४ जुलै, रविवार

पावसाने वाकसाचा दांडा आपोआप घट्ट केला. लाकडी रंध्याचं मात्र उलटं झालं. अंग फुगून पातं आणि पाचर आत अडकले. हातोडीने पाचर ठोकायची नाही, रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने टपली मारायची, की पाचर स्वतःच सुटते. तिसऱ्या टपलीला सुटली. पाचरीच्या दोन्ही बाजू पटाशीने कागदाइतक्या तासल्या. अंगाला हात लावला नाही. डाव्या गालावर जिथे त्याची बोटं असायची तिथे लाकूड काळंभोर आणि आरशासारखं झालंय.

करवतीला पहिला हात. सात दाते इंचाला, लाकूड उभं चिरायच्या घाटाचे. आधी सपाट कानशीने दातांची टोकं एका रेषेत आणायची, मग तिकोनी कानस. माझ्याकडून दर चौथा दात बुटका होतोय. काकांनी कानस हातातून काढून घेतली. शिकायला वेळ लागेल.

४ ऑगस्ट, रविवार

कबाड्याने नंबर दिला, इतक्या महिन्यांनी. आजी आता लेकीकडे मानेवाड्याला राहतात. पेटीतलं एक विंधणं सोबत घेऊन गेले. त्याच्याविषयी मला प्रश्न होता: बाकी सगळ्यांवर तीन खाचा आणि याच्यावर दोनच, त्याही जास्त जुन्या, कडा गोल झालेल्या.

आजींनी चष्मा न लावता हातात घेतलं, खाचांवरून नख फिरवलं.

"हे माह्या बापाचं. बापाच्या दोन खाचा. हे बापापाशीच काम शिकले, मंग यायनं एक वाढवली."

लग्नात हुंडा म्हणून काही नव्हतं, हे विंधणं आणि एक करवत दिली होती. करवत मोडली, हे राहिलं. मी ते परत देऊ केलं. त्या नको म्हणाल्या, घरात कोणी वापरणार नाही, पोरगं बँकेत आहे. मग उठून पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. आतून पत्र्याचा एक साचा काढला, बैलाचा. वशिंड, वळलेली शिंगं, मान जराशी खाली. "दरवर्षी पोळ्याच्या आधी वीस-पंचवीस नंदी करत. ह्याच विंधण्यानं पाय बसवत. हे न्या, तुमच्या कामी येईन."

घरी येताना गाडीवर साचा पोटाशी धरून आणला.

काकांना सगळं सांगितलं आणि विचारलं, घासून टाकलेल्या पटाशीवर तीन खाचा परत पाडू का? ते म्हणाले, "त्याच्या हातच्या होत्या, थ्या गेल्या. आता तू पाडशीन थ्या तुह्या. मंग चार पाड." मी अजून पाडलेल्या नाहीत. मूठ तशीच आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

भाच्यासाठी नंदी. तो चार वर्षांचा आहे, तान्ह्या पोळ्याला मागच्या वर्षी शेजाऱ्यांचा नंदी ओढत होता. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी पोरांसाठी सुरू केलेला हा सण, १८०६ पासूनचा मानतात. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल. यंदा ३ सप्टेंबरला.

बारा सूत जाडीचा साग. साचा ठेवून पेन्सिलने आखला. पत्र्याच्या कडेला पोटाच्या जागी एक बारीक खूण आहे, ती कशाची ते आधी कळेना. फळीवर ठेवून बघितलं तेव्हा कळलं: लाकडाचे उभे रेषे त्या खुणेच्या दिशेने ठेवायचे, म्हणजे पाय आडव्या रेषात येत नाहीत आणि मोडत नाहीत.

करवतीने बाहेरून, मग पटाशीने वशिंडाची गोलाई. दात अजून नीट झाले नाहीत, करवत डावीकडे ओढते. रेघेपासून दोन सूत लांब राहून कापलं.

२५ ऑगस्ट, रविवार

पाय खालच्या पाटात बसवायची चार भोकं. विंधणं चार सुताचं, म्हणजे भोकही चार सुताचंच, मोजायला लागत नाही, हत्याराची रुंदी हेच माप. फळी जमिनीवर, पायाने दाबून, काकांनी दाखवलं तसं खाली बसून. मध्यापासून सुरुवात, एकेक घाव टाकत टोकाकडे, मग उलटं वळवून दुसऱ्या टोकाकडे. निम्मं खोल झाल्यावर फळी उलटवून पलीकडून. एकदम आरपार मारलं तर खालचं लाकूड फाटतं. मोगरीचा आवाज पहिल्या घावाला टण आणि खोल जाईल तसा दबका होत जातो. डोळे मिटूनही कळतं की आत किती गेलंय.

पहिलं भोक सैल झालं, तिथे पाचर लागेल. दुसरं बरं. तिसऱ्यात पाय हाताने अर्धा गेला आणि उरलेला मोगरीच्या दोन टपल्यांनी. चौथं तिसऱ्यासारखंच.

१ सप्टेंबर, रविवार

चाकं बसली. आस बाभळीची, भोकाला मेणबत्तीचं मेण चोळलं. गच्चीभर ओढून पाहिला, वळणावर डावं पुढचं चाक किरकिरतं, त्याला थोडं जास्त मेण. रंग दिला नाही, शिंगांना फक्त काकूंनी कुंकू-हळदीचा हात लावून दिला. अंगाला जवसाचं तेल, फडकं दोरीवर.

पेटीत हत्यारं परत लावली. विंधणं सगळ्यात वर, कोरड्या फडक्यात. करवतीचे दात पोळ्यानंतर पुन्हा घ्यायचे. उद्या इतवारीतून नंदीची दोरी आणि घुंगरं आणायची आहेत.